आईचा अर्धा डोस

गेल्या वर्षी आईचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आई सांगलीत, मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला. पुढे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू होणार होत्या. "सुई नाही, सलाईन नाही, घरीच गोळ्या," म्हणून आई खूश होती.

त्याच आठवड्यात इथल्या शेजारच्या आजींनाही हेच औषध मिळणार होतं. पण त्यांचं रक्त आधी तपासायला गेलं. का, ते मी वाचून काढलं.

ही गोळी शरीरात गेल्यावर फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल बनते. त्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग डीपीडी नावाचं एन्झाइम निकामी करतं, मुख्यतः यकृतात. युरोपात १०० पैकी साधारण ३ ते ८ जणांत हे एन्झाइम कमी पडतं. अशांना नेहमीचा डोस विषासारखा बाधतो. तोंड सोलून निघतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी घसरतात, क्वचित जीवही जातो.

आता यकृताचा तुकडा कोण काढणार? म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे आपले रोगाशी लढणारे शिपाई, वेगळ्या करून त्यांच्यात हे एन्झाइम किती काम करतं ते मोजता येतं. दुसरा मार्ग जनुकीय तपासणीचा. पण त्यात बहुधा जे चार बदल शोधतात, ते प्रामुख्याने युरोपीय लोकांच्या अभ्यासातून आलेत. आपल्या माणसाचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला तरी निर्धास्त राहता येत नाही. टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही, असं थोडंच असतं!

रात्रीच फोन लावला.

"आई, गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना एवढं विचार."

"अरे, तू कॉम्प्युटरवाला. डॉक्टर कधी झालास? रागावतील ते."

शेवटी दादाने विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत, रक्त पाठवलं. रिपोर्टला दहा दिवस लागले. उपचार लांबले तर पाप माझ्या माथी, या विचाराने मला झोप नव्हती. रिपोर्ट आला : एन्झाइम कमी. डोस निम्म्यावर आला.

निम्म्या डोसवरही आईला चार दिवस जुलाब झाले. पूर्ण डोस असता तर? पुढचा विचार मी करत नाही.

युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्येच ही तपासणी सुचवली आहे. तुमच्या घरी कुणाला हे औषध सुरू होणार असेल, तर पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना एवढा एक प्रश्न जरूर विचारा.