गाभण कुत्रीचा खुराक
यशवंतगडाच्या नाटे गावी मासळीची ददात नसल्याने गाभण कुत्रीस पहिल्या दिवसापासून दुप्पट वाढावे असा मोह होणे स्वाभाविक असले, तरी सुमारे 63 दिवसांच्या गर्भावधीत गर्भाची खरी वाढ अखेरच्या तिसऱ्या हिश्शातच होत असल्यामुळे, खुराक तेव्हाच, तोही थोडाथोडा करून, सव्वापट-दीडपटीपर्यंत न्यावा. खरी ओढ व्याल्यानंतरची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिची गरज दुपटी-चौपटीवर जाते, ती नुसत्या पेजेवर कशी भागावी? उकडून काटे काढलेला बांगडा उत्तम, खारवलेली सुकी मासळी वर्ज्य. गाभणपणी कॅल्शियमच्या गोळ्या चारण्याचा उत्साहही आवरावा, कारण आयत्या पुरवठ्याने हाडांतून कॅल्शियम मोकळे करणाऱ्या ग्रंथी सुस्तावतात, आणि दुधाची मागणी एकाएकी वाढताच रक्तातील प्रमाण घटून कुत्रीस झटके येतात. अशा वेळी तत्काळ पशुवैद्यच गाठावा.