ड्रॉइंगवाल्या पोराचा जोडधंदा

दोन एकर उसावर तीन भावांचे भागत नाही, हे आपण जाणतोच. आयटीआयतून ड्राफ्ट्समन झालेल्या पोराने नोकरीचीच वाट बघावी असे नाही. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि ड्रॉइंग बोर्डाचे काम हळूहळू संगणकावर गेले. ‘फ्रीकॅड’ फुकट मिळते, त्यावर धंदाही करता येतो. शिरोलीचे फाउंड्रीवाले, गावोगावचे ट्रॉली बांधणारे यांना सुट्या भागांची ड्रॉइंगे लागतात. तिथूनच सुरुवात करावी. आमचे सांगणे एवढेच: महागड्या क्लासपायी जमीन गहाण टाकू नका. चोरीचे सॉफ्टवेअर नको. माप स्वतः व्हर्नियरने घ्यावे. दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या, ते आधी लिहून घ्यावे. निम्मे पैसे आगाऊ मागावेत. काट्याची पावती आपण जपतो, तसाच पोराने कामाचा कागद जपावा.