साठ मुलांचे नाटक कसे निवडावे?

शाळेचे स्नेहसंमेलन असो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असो, की दिवाळीच्या सुट्टीत वस्तीतील विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन बसवलेला एखादा प्रयोग असो, नाटक हवेच असा आग्रह आपल्याकडे पूर्वीपासून आहे. बसवणाऱ्यापुढे मात्र पहिला प्रश्न उभा राहतो तो संख्येचा. आठवी ते दहावीच्या वर्गांत जाऊन ‘कोणाला काम करायचे आहे?’ असे विचारले की साठ-सत्तर हात वर होतात, आणि हातातल्या पुस्तकात पात्रे असतात सात. उरलेल्यांचे काय करायचे याचा विचार नाटक निवडण्यापूर्वीच व्हायला हवा. आम्ही तो सुरुवातीला केला नव्हता, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

एका वर्षी जिल्ह्यातील एका शाळेत आम्ही असेच सात पात्रांचे नाटक घेतले. स्पष्ट बोलणारी, गोरीगोमटी, पुढच्या बाकावरची मुले मुख्य भूमिकांत गेली. उरलेल्यांना आम्ही शिपाई, दरबारी आणि वनातील झाडे केले. पुठ्ठ्याची झाडे सुरेख झाली होती, प्रमुख पाहुण्यांनी त्यांचे कौतुकही केले. कार्यक्रम संपल्यावर नववीतील एका मुलीची आई मंचामागे आली. दिवसभर कापूस वेचून ती परस्पर शाळेत आली होती. तिने विचारले, “गुरुजी, माही पोरगी कोनत्या झाडात व्हती?” आम्हाला सांगता आले नाही. पुठ्ठ्यामागे कोणाचा चेहराच दिसत नव्हता. शेवटी मुलीनेच खाली बघत सांगितले, “डावीकडून तिसरं.”

तेव्हापासून नाटकाचे पुस्तक हाती आले की आम्ही आधी एकच गोष्ट पाहतो. यातील जमावाला काही काम आहे काय? काम म्हणजे नुसते उभे राहणे किंवा ‘जय हो’ म्हणणे नव्हे. जमावाने काही ठरवले, अडवले, नाकारले आणि त्यामुळे पुढची गोष्ट बदलली, तर ते नाटक साठ मुलांचे. जमाव काढून टाकला तरी गोष्ट तशीच चालत असेल, तर ते सात मुलांचे. मग ते कितीही गाजलेले असो.

या कसोटीला काही उत्तम नाटकेही उतरत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी, पण ती दोनच पात्रांची आहे. महात्मा फुले यांनी १८५५ साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे शिक्षणाचे महत्त्व सांगणारे नाटक आजही बोलके आहे. त्यात जोशी, कुणबी, त्याची बायको, पाद्री, विदूषक अशी मोजकीच पात्रे आहेत. एका वर्गाने करायला ते चांगले, सगळ्या शाळेने करायला अपुरे. हौसेपोटी मूळ नाटकात पंचवीस गावकरी घुसवण्याचा प्रकार आम्ही पाहिला आहे. त्याने ना गावकऱ्यांना न्याय मिळतो, ना नाटकाला.

विद्यार्थ्यांच्या मोठ्या संचासाठी लिहिलेल्या नाटकाचे एक ठळक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. १९५५ साली महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ते प. पू. बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर केले. पुढे १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या प्रसंगी त्याचा प्रयोग झाला. रामायणकाळापासून आधुनिक काळापर्यंत अस्पृश्यतेचा प्रवास त्यात प्रसंगाप्रसंगाने येतो. नाटक बसवणाऱ्याने त्याची ही बांधणी लक्षात घ्यावी. एकच नायक शेवटपर्यंत रंगमंच अडवून बसत नाही. प्रत्येक युगाची माणसे वेगळी, म्हणून एक युग आठवी ‘अ’ला, दुसरे नववी ‘ब’ला देता येते. तालमीही वेगवेगळ्या होतात. एकाच खोलीत साठ मुलांना घेऊन तालीम घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना ही सोय किती मोठी आहे ते निराळे सांगावयास नको.

आता आम्ही स्वतः कोणता विषय सुचवू, ते सांगतो. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या सुरुवातीच्याच भागात रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे. शाक्य आणि कोलिय या दोघांची शेती रोहिणीवर. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या नोकरांत मारामारी होते, माणसे जखमी होतात. शाक्यांचा सेनापती संघाची सभा बोलावतो आणि युद्धाचा ठराव मांडतो. वीस वर्षांचा असताना सभासद झालेला सिद्धार्थ आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. तो ठरावाला विरोध करतो. आपले दोन, त्यांचे दोन, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना. मतदान होते आणि सिद्धार्थ मोठ्या बहुमताने हरतो. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे असा ठराव येतो. आदल्या दिवशी विरोधात मत दिलेले गप्प बसतात. सिद्धार्थ एकटा नकार देतो. कुटुंबावर बहिष्कार घालू, जमिनी जप्त करू, अशी धमकी मिळाल्यावर तो घरच्यांना शिक्षा होऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करतो.

विद्यार्थी मित्रांनो, म्हातारा, रोगी आणि प्रेत ही चित्रे पाहून घर सोडणारा राजपुत्र आपण अनेक कार्यक्रमांत पाहिला आहे. त्या नाटकात बाकीचे सगळे बघे असतात. येथे मात्र सभा नसेल तर नाटकच नाही. चाळीस सभासद हात वर करतात, म्हणून सिद्धार्थाला घर सोडावे लागते. त्या चाळिसांतील प्रत्येकाला ठरवावे लागते की मी कोणत्या बाजूला, आणि उद्या मी गप्प का बसणार? तालमीत आम्ही प्रत्येक मुलाला हा प्रश्न विचारतो. कोणी म्हणते, माझा भाऊ मारामारीत जखमी झाला. कोणी म्हणते, सेनापतीकडे माझे कर्ज आहे. या उत्तरांतूनच प्रत्येकाचे एक वाक्य तयार होते आणि ते त्याचे स्वतःचे असते.

मतदान कसे दाखवायचे? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की भिक्खूंच्या संघांना ठराव, गणपूर्ती, मतमोजणी या संसदीय पद्धती ठाऊक होत्या. विनयपिटकात शलाका म्हणजे काड्या वाटून मत घेण्याची रीत आहे. रोहिणीच्या प्रसंगात ती वापरणे ही आमची कल्पना, ग्रंथातील नव्हे. पण रंगमंचावर ती फार शोभते. आपल्याकडे पऱ्हाटीच्या काड्यांना काय तोटा? अर्ध्या रंगवाव्यात, अर्ध्या तशाच ठेवाव्यात. एकेक मूल पुढे येऊन काडी टाकते, तेव्हा प्रत्येकाचा चेहरा प्रेक्षकांना दिसतो. आईला आपले लेकरू शोधावे लागत नाही.

पाण्याचे भांडण आपल्या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे तळाला गेली होती. तेव्हा टँकरपुढे काय चालत होते, ते तेव्हाच्या लहान मुलांनाही आठवते.

भाषेबद्दल एक सूचना. नदीवरच्या नोकरांना वऱ्हाडी आणि सभेतल्यांना पुस्तकी मराठी दिली, तर प्रेक्षक वऱ्हाडीला हसतात. मग आपलीच बोली आपल्याच मंचावर विनोदाची होते. वऱ्हाडी द्यायची तर सेनापतीलाही द्यावी, सिद्धार्थालाही द्यावी. वर्गात बंजारा, गोंड, कोलाम मुले असतील तर कोलियांच्या हाका त्यांच्या बोलीत का नसाव्यात?

मुलींचे काय, असा प्रश्न हमखास येतो. यशोधरा आणि गौतमी या दोन मोठ्या भूमिका आहेतच. या ग्रंथातील यशोधरा रडत पडून राहणारी नाही, ती त्याच्या निर्णयाला संमती देते. सभासदांत व सैनिकांतही निम्म्या मुली असाव्यात. सेनापती मुलगी झाली तरी काही बिघडत नाही, उलट आवाज बरा असतो.

आवाजाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मंचावर दोनच माईक टांगलेले असतात आणि मागच्या मुलांचे बोलणे पोहोचत नाही. अशा वेळी काही वाक्ये पाच-सहा जणांनी मिळून म्हणावीत. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांची एक रांगच कधी भिंत होते, कधी गाणारा समूह होते. ते नाटक शाळेसाठी नव्हे, पण युक्ती घेण्यासारखी आहे. तीच मुले नदी होतील, तीच सभा होतील. पडदे, मुकुट, जरीचे झगे यांची गरजच उरत नाही. पांढरे कपडे घरोघरी असतात.

दुसरी अडचण हंगामाची. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, त्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते, आणि तालमीला साठांतली पस्तीसच मुले येतात. त्यांना रागावून उपयोग नाही, घरची मजुरी बुडते. म्हणून सभासदांची वाक्ये गटाला द्यावीत, जो हजर तो बोलेल. सिद्धार्थ, सेनापती व यशोधरा यांना मात्र प्रत्येकी एक जोडीदार आधीपासून तयार ठेवावा.

छापील नाटक घेणार असाल तर परवानगीचे पाहा. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी व शिक्षकांनी केलेला प्रयोग केवळ शाळेशी संबंधित लोक आणि पालक यांच्यापुढे होत असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तोच प्रयोग चौकात जयंतीला सर्वांसाठी केला तर ती लागू होत नाही. लेखक किंवा वारसांना पत्र लिहून परवानगी घ्यावी. महात्मा फुल्यांच्या नाटकाला ही अडचण नाही.

आणि पात्रयादी करताना सभासद क्रमांक एक, दोन, तीन असे लिहू नये. साठही मुलांची नावे लिहावीत, कोण कोठे उभे राहणार तेही लिहावे, आणि प्रयोगापूर्वी ती यादी माईकवरून वाचावी. वाचायला चार मिनिटे लागतात. प्रमुख पाहुण्यांच्या सत्कारातून तेवढी काढता येतात.