तंबोऱ्याचा हरवलेला खर्ज

धान्याच्या घाऊक पेढीवर उभा जन्म घालविलेल्या, मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या आम्हांसारख्याने ध्वनियंत्रांविषयी लेखणी उचलावी, हे कित्येक सभासद बंधूंस विचित्र वाटेल. परंतु प्रसंगच तसा घडला.

आमच्या सुरतेच्या घरी कै. वडिलांच्या वेळचा, व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायर आहे. क्षीण ध्वनिसंदेश प्रथम सावरून पुढे धाडणे हे त्याचे काम. स्पीकर हालविणारा त्याचा जोडीदार पॉवर ॲम्प्लिफायर गतवर्षी जळाला. त्याच्या जागी आम्ही ट्रान्झिस्टरचा नवा आणिला. मग दिवंगत ज्येष्ठ बंधूंनी तंबोऱ्यावर गाइलेल्या स्तवनाची फीत लावली. मातोश्री क्षणभर ऐकून म्हणाल्या, "गळा त्याचाच आहे रे, पण तंबोरा कुठे गेला?" बंधूंचा तेवढाच आवाज घरात उरला आहे. विक्रेत्याने नवे स्पीकर घेण्याचा सल्ला दिला, व आम्ही रक्कम मोजणारच होतो.

एका वृद्ध दुरुस्तीकाराने मात्र आधी हिशेब मांडावयास लाविले.

इम्पीडन्स हा शब्द 1886 साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज पंडिताने दिला. उलटसुलट वाहणाऱ्या विजेस होणारा अडथळा, असा त्याचा अर्थ. घेणाऱ्या यंत्राचा इम्पीडन्स जितका कमी, तितकी त्याची मागणी मोठी. लहान आडत्यापाशी पाच पोत्यांचे गिऱ्हाईक आले तर तो हसतमुखाने पुरवितो. पाचशेंचे आले की त्याची तारांबळ उडते.

दोहोंचे आकडे समसमान असावेत, असा पुष्कळांचा समज आहे. तो टेलिफोनच्या लांबलचक तारांवरील 600 ओहमच्या प्रथेतून आला. घरातील दोन हात तारेस तो लागू नाही. समसमान ठेविल्यास विजेचा निम्मा दाब देणाऱ्याच्या पोटातच खर्ची पडतो. घेणारा दसपट असला, की अकरांपैकी दहा भाग पुढे पोचतात.

आमचा प्रीॲम्प्लिफायर 1,000 ओहमचा, नवे यंत्र 10,000चे. म्हणजे दसपट बिनचूक! तरी खर्ज का गेला? घोडे कपॅसिटरपाशी पेंड खात होते. प्रीॲम्प्लिफायरच्या मुखाशी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. जुना जोडीदार 1,00,000 ओहमचा असल्याने 16 हर्ट्झच्या वरचे स्वर सुखरूप जात. नव्यापुढे तीच सीमा 145 हर्ट्झपर्यंत चढली. काळी एक पट्टीत पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर बोलते. तिचा मूळ स्वर निम्म्याहूनही कमी उरला होता. स्पीकर बिचारे निरपराध!

2.2 मायक्रोफॅरडचा, 400 व्होल्ट सोसणारा कपॅसिटर बसविताच सीमा 7 हर्ट्झच्या खाली उतरली. (व्हॉल्व्हच्या यंत्रात दोन-अडीचशे व्होल्ट खेळतात, ते बंद केल्यावरही काही काळ राहतात, सबब जाणकारावाचून कोणी झाकण उघडू नये.) जुन्यानव्याची जोडी जमविणाऱ्या बंधूंनी खरेदीपूर्वीच दोन्ही यंत्रांचे आकडे विचारावेत, व यंत्र जुने असल्यास कपॅसिटरचाही.

मातोश्रींनी फीत दोनदा लावावयास सांगितली. दुसऱ्या खेपेस त्या तंबोऱ्याच्या लयीने बोटे हालवीत होत्या.