घोडीने गव्हाण का कुरतडली?

लहानपणी तुम्हांला एक कोडे घातले गेले असेल. भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे! या कोड्यात आज आपण चौथा प्रश्न घालू या. घोडीने गव्हाण का कुरतडली?

हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला. त्याचे गाव वाशीम जिल्ह्यातच, रिसोडच्या बाजूला आहे. घरी वरातीची एक घोडी आहे. लग्नसराईत नवरदेवाला मिरवून आणायचे आणि त्या मिळकतीवर वर्षाचा बराचसा खर्च भागवायचा, असे त्या घरचे गणित. या घोडीने पावसाळ्यात गव्हाणीची लाकडी कड कुरतडली, मग गोठ्याच्या दाराची चौकट धरली. तिच्या हिरड्यांत एक धस गेली आणि दोन दिवस तिने चंदीला तोंड लावले नाही, तेव्हा घरातली सगळी माणसे घाबरली.

मी गोठा पाहायला गेलो. मुलाचे आजोबा हताश होऊन म्हणाले, "सर, तिले काईच कमी नाही. चना हाये, चोकर हाये. तरी बी लाकूडच खाते!"

त्यांनी उपाय कमी केले नव्हते. लाकडाला मिरचीचा ठेचा लावला, गाडीचे जळके तेल फासले, शेवटी पत्रा ठोकला. घोडीने पत्रा सोडून शेजारचा खांब धरला. जळके तेल तर विषारीच. ते पोटात गेले असते तर रोगापेक्षा औषध भयंकर ठरले असते. हे सारे उपाय लाकडावर होते. घोडीला काय हवे आहे, हा प्रश्न बाजूलाच राहिला होता.

गायीचे काम आणि घोड्याचे काम

त्या गोठ्यात घोडीशेजारी एक गाय बांधलेली होती. तीही दिवसभर दाव्यालाच, पण तिने लाकडाला कधी दात लावला नाही. असे का?

गाय भराभर चारा गिळते आणि मग निवांत बसून तो पुन्हा तोंडात आणून चघळते. हा रवंथ दिवसाकाठी सात-आठ तास चालतो. म्हणजे गव्हाण रिकामी झाली तरी गायीच्या जबड्याला काम उरते. ती आपले काम पोटात साठवूनच बसते म्हणा ना!

घोडा रवंथ करीत नाही. त्याने एकदा गिळलेला घास परत तोंडात येत नाही, इतकेच काय, त्याला साधी वांतीही होत नाही. मोकळ्या माळावर सोडलेला घोडा दिवसाचे चौदा ते सोळा तास थोडे थोडे चरत असतो. त्याचे सारे शरीर याच कामासाठी घडले आहे. मोठ्या घोड्याच्या जठरातही जेमतेम ८ ते १५ लिटर मावते. गवतातील सेल्युलोज आंबवून पचवण्याचे काम पुढे मोठ्या आतड्यात आणि त्याच्या सुरुवातीच्या अंधांत्र नावाच्या पिशवीत जंतू करतात. गवतातल्या सिलिकेने दाढा सतत झिजतात, म्हणून त्या हिरडीतून वर्षाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वर सरकत राहतात.

आता खरी गंमत पाहा. आपल्या तोंडाला नुसत्या वासानेही पाणी सुटते. घोड्याची लाळ मात्र मुख्यतः चावतानाच पाझरते. याउलट त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असते, घास असो वा नसो. लाळेत खाण्याच्या सोड्यातला बायकार्बोनेट असतो आणि तो या आम्लाचा जोर कमी करतो. लिंबाच्या रसात चिमूटभर सोडा टाकून पाहा, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. चावणे थांबले की लाळ थांबते, पण आम्ल थांबत नाही.

थोडे गणित

घोडा १ किलो वाळलेले गवत खायला सुमारे ४० मिनिटे घेतो आणि त्यासाठी जबडा तीन हजारांहून अधिक वेळा हलवतो. १ किलो ओट मात्र तो सुमारे १० मिनिटांत, आठ-नऊशे वेळा चावून संपवतो. जनावर, दात आणि वैरण यांप्रमाणे हे आकडे बदलतील, पण अंदाजासाठी पुरेत.

समजा, घोडीला रोज ३ किलो चंदी आणि ३ किलो वैरण मिळते. चंदीला ३० मिनिटे आणि वैरणीला १२० मिनिटे, एकूण अडीच तास. जो जबडा चौदा तास चालण्यासाठी घडला, त्याला अडीच तासांत सुट्टी! पोषणाच्या हिशेबात आजोबांचे म्हणणे बरोबर होते, घोडीला काहीच कमी नव्हते. कमी पडले होते ते चावणे. तंतुमय वैरण कमी करून गोळीखाद्य वाढवले की घोड्यांचे लाकूड कुरतडणे वाढते, असे प्रयोगांतही दिसले आहे.

इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी २२५ शिंगरांवर चार वर्षे नजर ठेवली. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे ३० टक्के शिंगरांनी लाकूड कुरतडायला सुरुवात केली होती. आईपासून तोडल्यावर ज्यांना भरपूर खुराक दिला गेला, त्यांना आणखी एक खोड लागण्याचा संभव सुमारे चौपट होता. या खोडीत घोडा पुढच्या दातांनी कड घट्ट धरतो, मान ताणतो आणि 'हुक्' असा आवाज करीत घशात हवा ओढतो. ही खोड कुरतडण्याहून वेगळी आहे. कुरतडणारा घोडा लाकडाचे तुकडे पाडतो, तर हवा ओढणारा फक्त पकड घेतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत किंवा सारंगखेड्याच्या बाजारात जाणते गिऱ्हाईक घोड्याचा ओठ वर करून दात बघते. त्यावरून वय तर कळतेच, शिवाय पुढच्या दातांची कड विचित्र झिजलेली असेल तर ही खोडही उघडी पडते.

पावसाळ्यातच का?

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्ने जवळजवळ नसतात. मे महिन्यात रोज रस्त्यावर असलेली घोडी एकाएकी चार महिने दाव्याला येते. बाहेर चिखल, म्हणून फिरवणे बंद. थंड, ओल्या हवेत घोडे लाकूड अधिक कुरतडतात, असे निरीक्षणही नोंदलेले आहे.

त्यात आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट भर घालते. पूर्वी येथे ज्वारीचा मोठा पेरा असे आणि घरोघरी कडब्याच्या गंजी लागत. आज खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन. त्याचे कुटार मिळते, पण तासन्‌तास चघळावा असा लांब कडबा विकत आणावा लागतो. मग माणूस वैरणीत काटकसर करतो आणि जनावर अशक्त होऊ नये म्हणून चणा वाढवतो. हेतू चांगला, पण परिणाम उलटा!

घोडीला काम द्या

आम्ही ठरवले की घोडीला शिक्षा नको, काम द्यायचे. चंदी हळूहळू, आठ-दहा दिवसांत कमी केली, कारण खाण्यात एकदम बदल केला तर पोटशूळ उठू शकतो. वाळलेली वैरण वाढवली. पण १ किलो चंदी आणि ७ किलो वैरण धरली तरी वेळ येतो २९० मिनिटे, म्हणजे जेमतेम पाच तास. वैरण सावकाश संपेल अशी युक्ती हवी होती.

मुलाने सुती दोरीची बारीक भोकांची जाळी विणली. तीत वैरण भरून जाळी घोडीच्या तोंडाच्या उंचीवर बांधली. रिकामी झाल्यावर लोंबून पाय अडकणार नाही, एवढी ती वर हवी. आता एका ओढीला चारच काड्या हाती, नव्हे दाती, लागत. शिवाय वैरण एकदम न टाकता चार वेळा विभागली. शेवटची जाळी रात्री निजण्यापूर्वी. गवत दोन-तीन प्रकारचे ठेवले, म्हणजे निवड करण्यातही वेळ जातो.

दुसरी युक्ती डब्याची. जाड प्लॅस्टिकच्या गोल डब्याला चण्याहून थोडी मोठी दोन भोके पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि आत मूठभर चणे टाकले. घोडी नाकाने डबा ढकलते, तो गडगडतो आणि भोक खाली आले की कधी एक दाणा पडतो, कधी तीन, कधी काहीच नाही. पुढच्या खेपेला काय मिळेल हे ठाऊक नसल्यानेच ती पुन्हा ढकलते. मात्र डबा खाण्याच्या पदार्थाचाच हवा. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नका.

सोबत हीदेखील घोड्याची गरज आहे, कारण तो कळपाचा प्राणी. इंग्लंडमध्येच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तबेल्यात न फुटणारा आरसा बसवल्यावर एका जागी डुलत राहणाऱ्या घोड्यांचे डुलणे बरेच कमी झाले. सपाट आरशातील प्रतिमा वस्तूइतक्याच अंतरावर आत दिसते, हे तुम्ही शिकलाच आहात. घोड्याला तेथे शेजारी दिसत असावा! आमच्या घोडीला आरसा लागला नाही. तिला गाय दिसेल असे तोंड फिरवून बांधले आणि पाऊस उघडला की दोन्ही वेळा फिरवून आणायचे ठरले.

काही पथ्ये सांगतो. बुरशी लागलेली वैरण आणि कोवळी हिरवी ज्वारी देऊ नये. कण्हेर व घाणेरी या वनस्पती घोड्याला विषारी आहेत. मीठ व स्वच्छ पाणी कायम हवे. दात दुखणे किंवा पोटाचा विकार असा संशय आला तर पशुवैद्यकालाच दाखवावे.

तुम्हीही करून पाहा

या साऱ्याची सुरुवात एका वहीपासून झाली. मुलाने दर दहा मिनिटांनी घोडीकडे पाहून एकच अक्षर लिहिले. खात असेल तर 'ख', उभी असेल तर 'उ', लाकूड कुरतडत असेल तर 'ल'. दोन दिवसांत दिसले की बहुतेक 'ल' गव्हाण रिकामी झाल्यानंतरच्या तासांत आहेत. वर्षभर डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कागदावर उतरल्यावरच घरच्यांना पटली. तुमच्या शेजारची गाय, शेळी किंवा घोडा घेऊन, मालकाची परवानगी काढून आणि घोड्याच्या मागे न उभे राहता, अशी नोंद करा. दिवसाचा किती टक्के वेळ जनावर चावण्यात घालवते, ते काढा.

घोडीची सवय एका दिवसात गेली नाही. अजूनही मुसळधार पावसाच्या दिवशी ती एखादा चावा घेते. पण वहीतले 'ल' विरळ झाले आहेत आणि नवी चौकट अजून शाबूत आहे. तेव्हा कोड्याचे जुने उत्तर थोडे वाढवावे लागेल. घोडीने गव्हाण का कुरतडली? न फिरवल्यामुळे, आणि पोटभर चावू न दिल्यामुळे!