फाइल सदोष असली तरी प्रोग्राम कोसळता कामा नये

सर्टिफिकेट आणि त्याची खासगी की एकाच पासवर्डबंद फाइलमध्ये ठेवायची पद्धत आहे. अशा फाइलच्या नावापुढे पीएफएक्स किंवा पी१२ असतं. तिच्यातून सर्टिफिकेट बाहेर काढायला जगभर ओपनएसएसएल या साधनाची कमांड वापरतात. ही कमांड मध्येच मेली की संशय आधी पासवर्डवर जातो, मग फाइलवर. पण प्रोग्रामने नकार देणं वेगळं आणि कोसळणं वेगळं. पासवर्ड चुकला तर ओपनएसएसएल तसं स्पष्ट सांगतं. २०२१ साली आलेल्या ३.० आवृत्तीत आरसी२ हे कमकुवत एन्क्रिप्शन नेहमीच्या वापरातून काढलं गेलं. त्यामुळे जुन्या फाइलींवर ‘अनसपोर्टेड’ असा संदेश येतो आणि कमांडला ‘लेगसी’ हा पर्याय जोडला की फाइल बहुधा उघडते. हा नकार आहे, आणि तो रास्तच आहे. याउलट लिनक्सच्या पडद्यावर नुसतं ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ उमटलं आणि एक्झिट कोड १३९ आला, म्हणजे १२८ अधिक सिग्नल क्रमांक ११, तर प्रोग्रामने भलत्याच मेमरीला हात घातला म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला मारलं, असा त्याचा अर्थ. इथे पासवर्ड पुन्हापुन्हा टाइप करण्यात काहीच हशील नाही.

जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला दोष, सीव्हीई-२०२४-०७२७, नेमका असाच होता. या फाइलींच्या नियमांनुसार काही रकाने रिकामे असू शकतात. ओपनएसएसएलचा कोड मात्र तिथे माहिती असणारच असं धरून चालत होता आणि शून्य पत्त्यावर वाचायला जाऊन कोसळत होता. मुद्दाम बिघडवलेल्या फाइलीचा दोष साधनाच्या माथी का, असं कुणी विचारेल. कारण फाइल बाहेरून येते, आणि ती तपासून नाकारणं हेच साधनाचं काम आहे. ओपनएसएसएलने स्वतःच या दोषाची तीव्रता ‘कमी’ ठरवली होती, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. इथे काही गळत नाही, फक्त काम थांबतं. याउलट ओपनएसएसएलमधल्याच २०१४ च्या हार्टब्लीड या दोषात सर्व्हर सुरळीत चालू राहून एकेका विनंतीला ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर सांडत होता. तरीही अनोळखी लोकांच्या फाइली उघडणारी सेवा अशा एका फाइलीने पुन्हापुन्हा पाडता येत असेल, तर ‘कमी’ या शिक्क्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

म्हणून आधी आवृत्ती पाहावी. ३.० च्या मालिकेत या दोषाची दुरुस्ती ३.०.१३ मध्ये आली. तीच फाइल नव्या आवृत्तीवर चालवावी. तरीही कमांड कोसळली तर जीडीबी या डीबगरमधून बॅकट्रेस, म्हणजे प्रोग्राम कुठल्या फंक्शनमध्ये कोसळला त्याचा माग, घ्यावा. कंटाळून ती फाइल एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरला देणं मात्र कटाक्षाने टाळावं, कारण तिच्यात खासगी की असते. दोष कळवतानाही खरी फाइल पाठवू नये. नवी की बनवून तसाच बिघाड दाखवणारी चाचणीची फाइल तयार करावी.