जमिनीचा घसारा कोणत्या पानावर?



वार्षिक अहवाल हाती पडला की आपण सगळे आधी कोणतं पान उघडतो, हे सांगणे न लगे. गाळप किती झाले, उतारा किती बसला, पोती किती निघाली आणि शेवटी दर काय. मग शेजारच्या कारखान्याने काय दिला, यावर पारावर आठवडाभर चर्चा. यात गैर काही नाही. घामाचा पैसा आहे, त्याची चौकशी झालीच पाहिजे. याच आकड्यांवर आपला कारखाना उभा राहिला आणि आपली घरेही.

पण त्याच अहवालात आणखी एक शब्द दरसाल छापलेला असतो, तिकडे फारसं कुणी बघत नाही. तो शब्द म्हणजे घसारा. मिलचे रोलर झिजतात, बॉयलरच्या नळ्या झिजतात, ट्रॅक्टर जुना होतो. म्हणून नफा काढण्याआधी त्या झिजेची रक्कम वजा करावी लागते. जो कारखाना ती वजा करणार नाही तो कागदावर नफ्यात दिसेल आणि एके दिवशी ऐन हंगामात बंद पडेल. हे आपल्या सर्वांना पटते. आता आमचा साधा प्रश्न असा की, ज्या रानात हा ऊस पिकतो त्या रानाचा घसारा कोण धरतो? विहिरीची पातळी खाली गेली, त्याचा घसारा कोणत्या पानावर? म्हशीचं दूध रोज मापानं मोजायचं आणि म्हैस वाळत चालली ते बघायचंच नाही, असला हा हिशेब झाला.

गटवार बैठकांतून अलीकडे जे शब्द कानावर येतात ते सर्वांच्या ओळखीचे आहेत. "रान उतरलं." "मीठ फुटलंय." "खोडवा पिवळाच राहतोय, युरिया मारला तरी हालत नाही." कुणी म्हणतं औषध नकली, कुणी म्हणतं बियाणं खराब. बहुतेक वेळा दोष या दोन्हीत नसतो. तो आपल्या पायाखाली असतो.

आपल्या काळ्या रानात चिकण भाग जास्त, निचरा कमी. वरून पाटाचे किंवा लिफ्टचे पाणी भरपूर मिळाले की ते खाली साचत जाते आणि भूजल वर चढते. एकदा ते मुळांच्या टप्प्यात आले की पुढचे काम ऊन करते. पाणी वाफ होऊन उडून जाते, क्षार तेवढे वर राहतात. रानावर पांढरा थर दिसतो ते खारवट रान. याच्या पुढची पायरी म्हणजे चोपण. त्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी होते, सामू साडेआठाच्या वर जातो. खारवट रान निचरा करून धुता येते. चोपण रानाला मात्र जिप्सम द्यावे लागते, ताग-धैंचा गाडावा लागतो आणि निचरा तर हवाच. निचऱ्याशिवाय नुसते जिप्सम टाकणे म्हणजे बूच लावलेली मोरी धुणे.

हे दुखणे नवे नाही. नीरा डाव्या कालव्यावर उसाला पाणी सुरू झाल्यावर काही वर्षांतच जमिनी पाणथळ होऊ लागल्या होत्या. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात इंजिनियर होते. त्यांनी त्या कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी जास्त गावांना वाटायचे, चांगल्या निचऱ्याच्या जमिनी निवडायच्या आणि ब्लॉकमध्ये ऊस फक्त एक तृतीयांश, बाकी दुसरी पिके, अशी ती कल्पना होती. पुढे १९१६ साली जमिनी पाणथळ होण्यापासून वाचवण्यासाठी सरकारला एक खास विभाग काढावा लागला. तोच वाढत वाढत आज खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झाला आहे. म्हणजे एवढी मोठी संस्था जन्माला आली ती आपल्यासारख्यांच्या बिघडलेल्या रानांपायी! शंभर वर्षे होऊन गेली, औषध माहीत आहे, आणि तरीही आपण रान पांढरं पडल्यावर ओढ्याकडे बघतो. ओढा तोवर कुणीतरी बांध सरकवून नांगरून टाकलेला असतो.

शिरोळ तालुक्यात, जिथे क्षारपडीचा मार सर्वांत जास्त बसला, तिथल्या श्री दत्त कारखान्याने सभासदांचे गट करून जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकण्याचे काम हाती घेतले आहे. या कामाची गंमत अशी की एकट्याने ते होतच नाही. माझ्या रानातले पाणी तुमच्या रानाखालून जाऊन ओढ्याला मिळणार. तुम्ही वाट दिली नाही तर माझा खर्च पाण्यात. म्हणून जिथे बांधावरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत तिथे आधी भांडण मिटवावे लागते, मग चर खोदावा लागतो.

आता पाण्याकडे येऊ. आम्ही एक अंदाजी हिशेब मांडतो, तो प्रत्येकाने आपल्या रानाला लावून पाहावा. मोकळ्या पाटाने पाणी देताना वर्षभरात २५० सेंटिमीटर उंचीचे पाणी रानात जाते असे धरले, तर एका एकरात सुमारे १ कोटी लिटर होते. एकरी ४० टन ऊस आणि ११ टक्के उतारा धरला तर साखर ४,४०० किलो. म्हणजे एका किलो साखरेमागे सुमारे २,३०० लिटर पाणी. तेच ठिबकावर १५० सेंटिमीटरमध्ये भागवले आणि टनेज ६० वर नेले, तर साखर ६,६०० किलो आणि किलोमागे पाणी ९०० लिटरच्या आसपास. एकरी ४० लाख लिटर वाचले. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने पाच माणसांच्या घराला वर्षाला लाखभर लिटर लागते. एका एकरात वाचलेले पाणी चाळीस घरांना वर्षभर पुरेल!

पण इथे एक मेख आहे, ती सांगितलीच पाहिजे. ठिबकाने वाचलेले पाणी आपण बहुतेक वेळा वाचवत नाही. बांधाच्या पलीकडे आणखी दोन एकर ऊस लावतो. अनुदान सरकारचं, बचत कागदावर, आणि विहीर होती तिथंच. मोटर चालू करून लग्नाला जाणारे सभासदही आम्हांस ठाऊक आहेत. नावे छापत नाही.

पाणी आधी मोजायचे आणि मग पीक ठरवायचे, ही रीत आपल्याच राज्यात काही गावांनी लावून घेतली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे या इंजिनियर गृहस्थाने पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे, आणि भूमिहीनालाही वाटा. त्या पाण्यावर ऊस लावावयास मनाई होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गाव दरसाल पावसाचा आणि भूजलाचा ताळेबंद मांडते, त्यावर कोणते पीक किती हे ठरवते. तिथेही उसाला बंदी आहे. कारखान्याच्या पत्रकात हे छापायचे म्हणजे थोडे अवघडच, पण जे आहे ते आहे. त्यांची जमीन डोंगराळ, पाऊस कमी. आपल्याला कालवा आहे. त्यांचा नियम जसाच्या तसा इथे लावा असे आम्ही म्हणत नाही. त्यांची मोजण्याची सवय तेवढी घ्यावी.

काही सभासद यावर लगेच म्हणतील, "म्हंजे ऊस सोडा म्हणता काय? कांदा लावू, आणि भाव पडल्यावर रस्त्यावर ओतू?" प्रश्न रास्त आहे. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, हक्काचा गिऱ्हाईक आहे, आणि पाऊस-वाऱ्यात तगणारे पीक आहे. कांद्या-टोमॅटोला यातले काही नाही. शेतकरी उसाला चिकटतो तो आळसाने नव्हे. शिवाय कारखान्याची गाळपक्षमता वाढवून ठेवली की मिलला ऊस हवाच, आणि मग शेतकी खात्यावरही क्षेत्र वाढवण्याचा दाब येतो. हा दाब खरा आहे आणि संचालक मंडळाने तो उघडपणे सभेपुढे मांडावा असे आमचे मत आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जास्त क्षेत्रातला बारीक ऊस आणण्यापेक्षा कमी क्षेत्रातला जाड ऊस आणावा, आणि सुटलेल्या रानात एक हंगाम हरभरा किंवा सोयाबीन घेऊन जमिनीला दम खाऊ द्यावा. पाचट पेटवून देण्याची खोड आता तरी थांबावी. नांगरट सोपी होते म्हणून आपण जमिनीची भाकरी जाळतो.

जमीन आणि पाणी झाले. माणसांचे काय?

सहकारी साखर कारखानदारी सुरू झाली ती नुसती साखर काढण्यासाठी नव्हे. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळ होते, तेच त्या कारखान्याचे पहिले चेअरमन. गाडगीळ मूळचे अर्थशास्त्रज्ञ. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे लोकांना काय मिळाले याची पाहणी त्यांनी केली होती, ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या नावातच प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही फायदे होते. पाणीपट्टी किती गोळा झाली एवढ्यावर कालव्याची किंमत होत नाही, आसपासच्या सगळ्या जगण्यात काय फरक पडला ते बघावे लागते, हा विचार आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे. पुढे जगानेही हीच वाट धरली. १९९० पासून संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल निघू लागला आणि देशाच्या उत्पन्नाशेजारी आयुर्मान व शिक्षण मांडले जाऊ लागले.

त्या मापाने ऊसपट्ट्याकडे पाहिले तर मान खाली जाते. कोल्हापूर जिल्हा म्हणजे सहकाराचे, दुधाचे, उसाचे भूषण. २००१ च्या जनगणनेत तिथे सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. राज्याचा आकडा ९१३ होता. २०११ साली कोल्हापूर ८६३ वर आले, सुधारणा झाली, पण तोवर राज्यच ८९४ वर घसरले होते. ऊसबिलाच्या पैशाने माडी झाली, गाडी झाली, आणि त्याच पैशाने गर्भातली लेक तपासून पाहण्याची सोयही झाली. हा आकडा कोणत्या कारखान्याच्या अहवालात आला? आमच्या पाहण्यात नाही.

आणि ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम चालतो, ते तर आपल्या हिशेबात "तोडणी-वाहतूक खर्च" एवढेच असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, एक दिवस आजारपणात गेला तरी खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशीसाठी सरकारला समिती नेमावी लागली. दुखणं काढायला सवड नाही, खाडा परवडत नाही, म्हणून पिशवीच काढली. त्या बाया ज्या उसात उभ्या होत्या तो तुमचा-आमचाच ऊस होता. फडापाशी पाण्याची टाकी, आडोशाचा संडास, पोरांसाठी साखरशाळा, यांचा टनामागे खर्च काढला तर तो फार येणार नाही असे आम्हांला वाटते. लेखा विभागाने तो काढून दाखवावा.

यासाठी आमची सूचना अशी आहे. येत्या सर्वसाधारण सभेपासून अहवालात ताळेबंदाला लागून एक पान वाढवावे. त्यात गाववार क्षारपड क्षेत्र किती आणि गेल्या साली किती होते, निवडक विहिरींची उन्हाळ्यातील पातळी, मातीतला सेंद्रिय कर्ब, टनामागे पाणी, तोडणी कामगारांची किती मुले शाळेत बसली, आणि कार्यक्षेत्रात वर्षात जन्मलेल्या मुला-मुलींची संख्या, एवढे असावे. आकडे वाईट निघाले तरी छापावेत. पहिल्या वर्षी ते वाईटच निघतील, तयारी ठेवा. ठराव मांडण्यासाठी सूचक-अनुमोदकांची नावे नियमाप्रमाणे सभेआधी कारखान्याच्या मुख्य कार्यालयात पोहोचली पाहिजेत.

मातीचे नमुने मात्र सभेची वाट न पाहता आताच काढता येतील. ज्यांचा ऊस तुटून गेला आहे त्यांनी खोडव्याला खत देण्याआधी, रानात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन माती एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि अर्धा किलो पिशवीत भरून गट ऑफिसला द्यावी. बांधालगतची, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची माती घेऊ नये. पांढरा थर आलेल्या जागेचा नमुना वेगळा बांधून त्यावर तसे लिहावे. दोन्ही एकत्र केले तर अहवालाचा उपयोग होत नाही. पिशवीवर गट नंबर, गाव आणि मागील पीक पेन्सिलने लिहिलेले असावे. शाई ओलीने पुसते.